डाव्या खांद्यावरचा पट्टा

१

शनिवार, १७ जून १९६१. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ऑर्व्ही हायलँडर्सच्या कोठीतली काचपेटी उघडण्यात आली. आत कट्यार नव्हती.

कुलूप शाबूत होतं. काच शाबूत होती. निळ्या मखमलीवर कट्यारीच्या आकाराची गडद खूण तेवढी उरली होती. पेटीवरची पितळी पट्टी नेहमीसारखी लखलखत होती: ‘पाइप-मेजर यूअन रे यांची कट्यार. पत्नी एल्स्पेथ रे यांनी पलटणीस दिली, पलटण असेल तोवर.’

पलटण त्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंतच असणार होती. बाराला नदीकाठच्या मैदानावर शेवटचं संचलन, मग निशाण उतरवायचं, आणि त्यानंतर दोनशे वर्षांची ही पलटण दक्षिणेकडच्या दुसऱ्या पलटणीत विलीन व्हायची. नाव नवं, टार्टन कापडाची चौकडीही नवी. चौऱ्याऐंशी जुने किल्ट, सैनिकांचे गुडघ्यापर्यंतचे चुणीदार घागरे, त्याच दिवशी गोळा करून खोक्यांत भरून पाठवायचे होते. म्हणून पलटणीची शिंपीण इशबेल गेड्स सकाळी सातपासून सुयांची उशी मनगटाला बांधून कामाला लागली होती.

तिला बोलावणं आलं तेव्हा तोंडात तीन टाचण्या होत्या. त्या तशाच धरून ती कोठीत गेली.

कॅप्टन अर्कहार्ट पेटीपाशी उभे होते. त्यांच्यासमोर, हात बाजूला ताठ धरून, हेक्टर बेथून उभा होता. हेक्टर चौसष्ट वर्षांचा. नोकरीत असताना कलर-सार्जंट, निवृत्तीनंतर सोळा वर्षं कोठीचा राखणदार. शेवटच्या संचलनात जुन्या सैनिकांची एक रांग उभी राहणार होती. त्या रांगेच्या उजव्या टोकाची जागा त्याला मिळाली होती, आणि त्यासाठी त्याने आपला जुना पूर्ण पोशाख चढवला होता. किल्टच्या चुण्या अशा बसल्या होत्या की इशबेलला कुठेही हात लावावासा वाटला नाही.

“किल्ली कुणाकडे होती?” कॅप्टनांनी विचारलं. हे ते दुसऱ्यांदा विचारत असावेत.

“माझ्याकडे, साहेब. आठ ते नऊ मी पोशाख चढवत होतो. तेवढा वेळ ती खिळ्यावर होती.”

“कुठल्या खिळ्यावर?”

“इथल्याच.”

“म्हणजे पेटीच्या शेजारी पेटीची किल्ली.”

“सोळा वर्षं तिथेच असते, साहेब. कुणी नेली नाही.”

“आज नेली.” कॅप्टन इशबेलकडे वळले. “मिसेस गेड्स, तुम्ही समोरच्याच खोलीत होता. कुणी आत जाताना दिसलं?”

इशबेलने टाचण्या काढल्या. “मला गुडघे दिसतात, कॅप्टनसाहेब. सकाळपासून वीस जणांचे पाहिले. कुणाचे कुठे गेले ते सांगता येणार नाही.”

कॅप्टन हसले नाहीत. “अकराला मी गावातल्या पोलिसांना फोन करणार. तोवर कट्यार सापडली नाही तर बेथून संचलनाला येणार नाही. चोरीचा संशय असलेला माणूस निशाणासमोर उभा करता येत नाही.”

हेक्टरच्या चेहऱ्यावरची एक रेषासुद्धा हलली नाही. पण उद्या पलटणच नव्हती. आज रांगेत उभा राहिला नाही तर तो पुन्हा कधीच उभा राहणार नव्हता. हे कॅप्टनांना कळत होतं, हेक्टरला कळत होतं, आणि इशबेललाही.

२

“बोल ना काहीतरी,” कॅप्टन गेल्यावर इशबेल म्हणाली.

“काय बोलू?”

“घेतली नाहीस असं म्हण.”

“विचारलं नाही त्यांनी तसं.”

“मी विचारते.”

हेक्टरने खिडकीबाहेर पाहिलं. “तुझी ती टाचणी पडली बघ, इशबेल. कुणाच्या तरी पायात जाईल.”

तीस वर्षं ती दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत आली होती. दर शरद ऋतूत किल्ट धुऊन आले की पेटीत ठेवण्याआधी चुण्या मोडू नयेत म्हणून त्यांना पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घालायचे, हे त्या दोघांचं काम. १९१७ साली फ्रान्समध्ये हेक्टरच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून चमचा, सुई, पेन, सगळं डाव्या हाताने. इशबेलचे टाके एका बाजूला कलायचे, त्याचे दुसऱ्या. कोणता किल्ट कुणी टाचला ते कपाटाच्या दारातूनच कळायचं. शिपाई म्हणायचे, दोघांनी मिळून एक किल्ट टाचला तर टाके छपराच्या वाशांसारखे एकमेकांवर टेकतील.

हेक्टरची बोटं गेली त्याच दिवशी पाइप-मेजर, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्यांचा म्होरक्या, यूअन रे पडला होता. त्याच्या कमरेची कट्यार रक्ताळलेल्या हाताने सोडवून मागे आणणारा वीस वर्षांचा शिपाई म्हणजे हेक्टरच. सगळ्या पलटणीला हे ठाऊक होतं. त्यामुळे संशय पातळ व्हायच्या ऐवजी अधिकच घट्ट होत होता. शेवटच्या दिवशी त्या कट्यारीवर त्याच्याइतका जीव कुणाचा असणार?

बाहेरच्या बोळात दोन शिपाई एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

“बघ रे, मागून बरोबर आहे?”

“डावीकडे एक चुणी झोपलीय. आणि टोपी उजवीकडे आण. पावाच्या भट्टीवाल्यासारखा दिसतोयस.”

“आरसा असता तर तुझ्यासारख्याला विचारायची वेळ आली नसती.”

इशबेल त्यांच्याजवळून गेली. त्या भिंतीला लागून गेली कित्येक वर्षं पुरुषभर उंचीचा, पायांवरचा आरसा उभा होता. त्यात स्वतःला नखशिखांत पाहिल्याशिवाय कुणी फाटकाबाहेर पडत नसे. आता भिंतीवर त्याच्या आकाराचा फिका चौकोन होता. सगळंच हललं होतं. तिला त्या सकाळी काहीच जागच्या जागी सापडत नव्हतं, स्वतःची कात्रीसुद्धा.

३

साक्षीदार एकच निघाली. कँटीनची जेसी टलक. ती पीठ लागलेल्या हातांनीच कॅप्टनांसमोर आली आणि खुर्ची दाखवली तरी बसली नाही.

“आठ चाळीसला मी कोठीत चहा घेऊन गेले. दार अर्धं उघडं होतं. आत ऑफिसरसाहेब उभे होते. मी चहा दाराजवळच्या ट्रंकेवर ठेवला आणि निघाले.”

“ऑफिसर?” कॅप्टनांचा आवाज बदलला. “कोण?”

“तोंड नाही दिसलं. वरून कांबळं लोंबत होतं, तिथे सगळीकडे काही ना काही लोंबतंच आहे. छातीपासून खाली दिसले.”

“मग ऑफिसर कशावरून?”

जेसीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी चहा कशात करतात असं विचारलं होतं. “लाल पट्टा डाव्या खांद्यावरून होता, साहेब. ऑफिसरांचा डाव्या खांद्यावरून, सार्जंटांचा उजव्या. सव्वीस वर्षं मी आधी पट्टा बघते, मग तोंड. ऑफिसर असेल तर कपबशी, सार्जंट असेल तर नुसता कानाचा मग. मी कपबशी ठेवली.”

“आणि तो ऑफिसर काय करत होता?”

“हातात कट्यार धरून बघत होते.”

“कुठल्या हातात?”

“डाव्या.”

हेक्टरचा डावा हात बाजूला ताठ होता तिथेच राहिला.

“झालं तर,” कॅप्टन म्हणाले. “आज इथे पट्टा घालणारे ऑफिसर तीन. दोघे साडेसातपासून मैदानावर. तिसरा मी. आठ चाळीसला मी स्टेशनवर जनरलसाहेबांच्या गाडीची वाट बघत होतो, स्टेशनमास्तर शेजारी होता. म्हणजे ऑफिसर कुणी नव्हताच. बाई पट्ट्याच्या बाबतीत चुकल्या. हाताच्या बाबतीत नाही. या इमारतीत डावखुरा एकच आहे.”

“मी पट्ट्याला चुकत नाही,” जेसी म्हणाली.

“आज सगळेच गडबडलेत, मिसेस टलक.”

“गडबडले असते तर कपबशीऐवजी मग ठेवला असता.”

इशबेलला काही कळेना. डावा हात म्हणजे हेक्टर. डावा खांदा म्हणजे हेक्टर नाही. चाळीस वर्षं उजव्या खांद्यावरून पट्टा घेणारा माणूस शेवटच्या दिवशी तो डाव्या खांद्यावर घालेल, हे एखाद्याने बूट हातात घालण्यासारखं होतं. पण कॅप्टनांनी साक्षीतला अर्धा भाग ठेवला होता आणि अर्धा टाकून दिला होता, तेही तिला पटेना. कापड असं फाडता येत नाही. एका टोकाला ओढलं की दुसरं टोक येतंच.

घड्याळात दहाला पाच कमी होती.

४

जेसीला तिने आपल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

“तू पण म्हणणार मी चुकले,” जेसी म्हणाली.

“नाही म्हणणार. उभी राहा. तू तो माणूस आहेस असं समज. पट्टा कुठे होता ते स्वतःवर दाखव.”

जेसीने डावा खांदा दाखवला.

“कट्यार?”

जेसीने डावा हात वर केला.

“किल्टचा पुढचा पदर उघडतो ना, झालरीची कड आणि तिच्यावरची मोठी पिन? ती कुठे होती?”

जेसी क्षणभर विचारात पडली. मग पिठाचा हात ॲप्रनवर टेकवला. “इथे. पिनेवर खिडकीचा उजेड पडत होता. डोळ्यावर आला म्हणून लक्षात आहे.”

तिचा हात डाव्या मांडीवर होता.

इशबेलने तो हात धरला आणि पुन्हा पाहिला. “जेसी, डावी बाजू कुठली?”

“अगं, मला डावं-उजवं कळतं.”

“नीट आठव.”

“पिन डाव्या मांडीवर होती. शपथ घालशील तर घेते.”

इशबेल स्टुलावर बसली. तीस वर्षांत तिने आठशेच्या वर किल्ट शिवले होते. ऑफिसरांचे, सार्जंटांचे, शिपायांचे, अगदी दोन महिन्यांच्या बाळाचाही एक. प्रत्येकाचा पदर उजव्या मांडीवर उघडतो. पट्टा चुकून दुसऱ्या खांद्यावर घेता येईल, कट्यार कुठल्याही हातात धरता येईल. पण किल्टचा पदर काही घालणाऱ्याच्या मर्जीवर नसतो. चुण्याच तशा शिवलेल्या असतात. डाव्या मांडीवर उघडणारा किल्ट या पलटणीत नव्हता, कारण तो तिने शिवलेला नव्हता.

म्हणजे जेसी खोटं तरी बोलत होती, नाहीतर तिने असा माणूस पाहिला होता जो असूच शकत नव्हता.

ती उठली आणि कोठीत गेली. दारात, जेसी जिथे उभी राहिली असेल तिथे, उभी राहिली. समोर ओव्हरकोटांच्या दोन रांगा होत्या आणि त्यांच्यामधे रिकामी जागा. त्या जागेत खाली धुळीत चार ठसे होते, दोन पुढे, दोन मागे, पंज्यासारखे. जवळच एक घडी न केलेलं कांबळं पडलं होतं.

बोळातून मघाचा शिपाई जात होता.

“ए, आरसा कुठे नेला रे तुम्ही?”

“आम्ही नाही, मिसेस गेड्स. तो काल संध्याकाळीच इथे कोठीत आणून ठेवला होता, कांबळं टाकून. आज नऊला लॉरीत चढवला. का, वेणीफणी राहिली?”

“राहिली होती,” इशबेल म्हणाली. “आता झाली.”

५

कॅप्टनांना आणि हेक्टरला तिने दारातच उभं केलं आणि कांबळं हातात घेऊन स्वतः त्या चार ठशांमागे गेली.

“आठ चाळीसला इथे आरसा होता, कॅप्टनसाहेब. वरच्या भागावर हे कांबळं. खरा माणूस दाराच्या आड, पेटीपाशी. जेसीला दिसलं ते त्याचं प्रतिबिंब, छातीपासून खालचं. तिने जे जे डावं सांगितलं ते सगळं उजवं करा. पदर उजव्या मांडीवर, म्हणजे जिथे असतो तिथे. पट्टा उजव्या खांद्यावर, म्हणजे सार्जंट. आणि कट्यार उजव्या हातात.”

कॅप्टनांनी हेक्टरकडे पाहिलं. त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांकडे पाहिलं.

“तुम्ही हात ठेवून पट्टा टाकलात,” इशबेल म्हणाली. “तसं करता येत नाही. तिन्ही गोष्टी एकदम फिरतात.”

कॅप्टन कडक होते, पण आडमुठे नव्हते. “सार्जंट तर सव्वाआठच्या गाडीने गेले.”

“एक सोडून. डगल मॅकफेल. त्याच्या बुटावरच्या पांढऱ्या गेटरचं बटण तुटलं होतं. आठ वीसला मीच लावून दिलं.”

डगल फाटकापाशी दुसऱ्या लॉरीची वाट बघत भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून उभा होता. संचलनाआधी कुणी बसत नाही, लॉरीतसुद्धा उभ्यानेच जायचं, नाहीतर चुण्या चुरगळतात. चौतीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, गप्प माणूस.

“चहा मिळाला का सकाळी?” इशबेलने सहज विचारलं.

“मिळाला की. शेवटचा दिवस म्हणून जेसीने बशीसुद्धा दिली.” तो हसला. मग त्याला कॅप्टन दिसले आणि हसू मावळलं.

“कट्यार हातात घेतली होतीस?” कॅप्टन म्हणाले.

“घेतली होती, साहेब.”

“का?”

“यूअन रे माझ्या आईचे वडील. घरात त्यांचा एक फोटो आहे, कट्यारीसकट. दर जूनच्या संचलनात पाइप-मेजरच्या कमरेला ती लांबून बघत आलोय. म्हटलं, एकदा वजन बघू.”

“आणि मग?”

“मग परत ठेवली. कुलूप लावलं. किल्ली खिळ्यावर.”

“नऊ दहाला ती तिथे नव्हती.”

“ते मला ठाऊक नाही, साहेब.”

त्याची झडती घेतली गेली. कमरेपुढचा केसाळ बटवा उलटा केला, खांद्यावरचा पट्टा उतरवला, मोजे खाली केले. रिबन, रुमाल, पेपरमिंटच्या गोळ्या. कट्यार नव्हती. हेक्टरची झडती आधीच झाली होती. दोघांच्या खोल्या, खोकी, लॉरी, सगळं पाहून झालं. आरशाच्या मागेही पाहिलं.

अकराला पाच कमी असताना कॅप्टनांनी फोनवर हात ठेवला, आणि तसाच काढून घेतला.

“बेथून, रांगेत जा,” ते म्हणाले. “तुमच्याविरुद्ध दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.”

“जी साहेब,” हेक्टर म्हणाला. इशबेलजवळून जाताना तो थांबला. “पदरावरून काढलंस?”

“पदरावरून.”

“मला नसतं सुचलं.” आणि एवढ्या वेळात प्रथमच त्याचा आवाज हलला. “खरंच नसतं सुचलं, इशबेल.”

६

संचलन बाराला झालं. पाइप-मेजरने साधी कट्यार लावली. जुन्या सैनिकांच्या रांगेत उजव्या टोकाला हेक्टर बेथून उभा होता. बारा बत्तीसला निशाण खाली आलं आणि लोक टोप्या हातात घेऊन थोडा वेळ तसेच राहिले, कारण पुढे काय करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं.

तीनपर्यंत किल्ट परत आले. इशबेल एकटीच टाचायला बसली. हेक्टरने निरोप पाठवला होता, पाय दुखतायत, आज येत नाही. एकेक किल्ट उलगडायचा, चुण्या लावायच्या, टाके घालायचे, गुंडाळायचा, यादीवर खूण करायची. साठ झाले.

एकसष्टावा गुंडाळलेलाच आला होता. आत कच्चे टाके घालून तयार. तिने क्रमांक पाहिला. सार्जंट डगल मॅकफेल.

तिने तो उचलला. आठ वार कापडाचा किल्ट किती जड असतो हे तिच्या मनगटाला पाठ होतं. हा त्याहून जड होता, आणि मधोमध कडक.

तिने कड थोडी सोडून टाके पाहिले. ते दुसऱ्या बाजूला, हेक्टरच्या टाक्यांसारखे, कलले होते.

त्या दिवशी डाव्या-उजव्यावरचा तिचा विश्वास उडाला होता. उलट्या बाजूने पाहिलं तर कोणताही तिरपा टाका फिरलेला दिसतो. म्हणून तिने किल्ट पालथा घातला, खिडकीशी नेला, आतली बाजू कुठली, बाहेरची कुठली ते शिवणीवरून दोनदा ताडून पाहिलं. ती सुलट बाजूनेच बघत होती.

मग तिला काहीच जुळेना. सकाळी हेक्टर गप्प होता तो डगलला झाकायला, की स्वतःला? दोघांच्या झडत्यांत न सापडलेली वस्तू इतका वेळ कुठे होती? आणि ती घेतली तेव्हा पलटणीची होती हे नक्की, पण आता साडेतीन वाजले होते, आणि पट्टीवर लिहिलं होतं, पलटण असेल तोवर; म्हणजे आता ती रे यांच्या घरची. तिने कात्री पहिल्या टाक्याखाली घातली. तशीच थोडा वेळ धरली.

पाचला लॉरी आली. कॉर्पोरलने खोक्यांतले किल्ट मोजले.

“चौऱ्याऐंशी ना?”

“त्र्याऐंशी,” इशबेल म्हणाली. “एक राहिलाय.”

“काय झालंय त्याला?”

“पदराचं काम आहे.”

कॉर्पोरलने यादीवर तसं लिहून घेतलं.

हेक्टर बेथून ऑगस्टमध्ये बहिणीकडे समुद्रकाठी राहायला गेला. डगल मॅकफेल नव्या पलटणीत आहे. कट्यारीची चौकशी सप्टेंबरात थांबवण्यात आली, बंद करण्यात आली नाही. नव्या पलटणीच्या कोठीतून इशबेल गेड्सला दोन पत्रं आली आणि दोन्हींना तिने एकच उत्तर पाठवलं: पदराचं काम अजून बाकी आहे. तिच्या वहीत १७ जूनच्या तारखेला ओळ आहे: ‘क्र. ६१, दुरुस्तीस.’ ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशीपर्यंत त्या ओळीपुढे ‘परत’ असं लिहिलेलं नव्हतं.